बाल्दोमेरोची काठवट

"मऊ दे गं. याहून मऊ," रेमे म्हणाली.

"याहून मऊ म्हणजे रस्त्यावर सांडलेले," कासिल्दा म्हणाली. पण तिनं वाकून फळीखालचं खोकं बाहेर ओढलं. त्यात लालभडक, भेगाळलेले, देठाशी फुटायला आलेले टोमॅटो होते. देखणे टोमॅटो वर मांडतात आणि गास्पाचोचे खाली ठेवतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कोशिंबिरीला टणक टोमॅटो लागतो. गास्पाचोला, म्हणजे पाव घालून कुटलेल्या त्या थंड सारला, असा लागतो, ज्याचं आता दुसरं काही होण्यासारखं नाही.

"किती जणांचं करतेस?"

"दोघांचं. बाबांना आज घरी आणतेय."

कासिल्दाचा हात खोक्यातच थांबला. "आश्रमातून सोडलं त्यांनी?"

"संध्याकाळपर्यंत."

"खातो का काही?"

रेमेनं नुसती मान हलवली. मंडईत शनिवारची गर्दी होती, मासेवाल्याच्या गाळ्यावर बर्फ फोडत होते, आणि सकाळीच हवा अशी तापली होती की लोक बोलतानाही सावलीच्या कडेनं उभे राहत होते.

"डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू," रेमे म्हणाली. "तोवर खायला लागले तर ठीक. नाहीतर नाकातून नळी."

"बाल्दोमेरोला नळी!" कासिल्दानं टोमॅटो पिशवीत ठेवले, एकेक करून, अंडी ठेवावीत तसे. "कापणीच्या दिवसांत हा माणूस अख्खा पाव एकटा संपवायचा. बरं, ऐक. मिक्सरमध्ये करणार असशील तर हे परत ठेव."

"अगं, वेळ कुठे आहे मला?"

"वेळेचं काय लोणचं घालायचंय? काठवटीत कुट. माझा बाप म्हणायचा, यंत्रातून काढला की टोमॅटोला आपण कोण ते आठवत नाही. आणि काकडी एकच घे. तुझी आई फार घालायची, देव तिचं भलं करो. सगळी गल्ली ढेकर द्यायची."

रेमेला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तिनं काकडी घेतली, लांब हिरव्या मिरच्या घेतल्या, त्या तिखट नसतात. लसणाचा एक गड्डा घेतला. काल उरलेला पाव घरी होताच. पैसे द्यायला गेली तर कासिल्दा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून मोठमोठ्यानं बोलायला लागली होती.

रेमे लोकांचे जिने पुसते. गावात जेवढ्या बहुमजली इमारती आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या पायऱ्या तिच्या हाताखालून गेल्या आहेत. लग्न झालं नाही. आधी आई आजारी होती, मग वडील म्हातारे झाले, मग तीच पन्नाशीपुढे गेली. भाऊ बार्सिलोनात असतो आणि फोनवर फार चांगले सल्ले देतो.

वडिलांचं सगळं आयुष्य शेतमजुरीत गेलं. तरुणपणी ते लास मोनखासच्या मळ्यावर एका टोळीत होते. गव्हाची कापणी, मग मळणी, हिवाळ्यात ऑलिव्ह झोडणं. पुढं यंत्रं आली, टोळ्या मोडल्या, आणि बाल्दोमेरो नगरपालिकेच्या बागेत माळी झाले. रेमेनं त्यांना माळी म्हणूनच पाहिलं. टोळीच्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. आईनं विषय काढला तर म्हणायचे, "भुकेचं काय सांगायचं? भूक होती." एवढंच. मात्र नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, ते आपल्या आईबापांसाठी मेणबत्त्या लावत आणि शेवटी एक कुर्रोसाठी. कुर्रो हा त्यांचा टोळीतला सोबती, पायानं लंगडा, रेमे जन्मायच्या आधीच गेलेला. त्याच्याबद्दल घरात एवढीच माहिती होती.

तेव्हापासूनची एक काठवट मात्र घरात होती. ऑलिव्हच्या लाकडाची, बसक्या तोंडाची, कडेला एक चीर आणि तिला तारेचा टाका. आई गास्पाचो मिक्सरमध्ये करायची आणि पेल्यांतून द्यायची. काठवटीत कांदे ठेवायचे. कधी कुणी ती टाकून द्यायचं म्हटलं, की बाल्दोमेरो जेवणावरून उठून जायचे.

गेल्या वर्षी ते चुकायला लागले. गल्ली चुकायचे, नावं चुकायचे. रेमे जिन्यावर असताना दोनदा रस्त्यात पडले. मार्चमध्ये तिनं त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तिथं पहिले काही दिवस बरे गेले. मग एक नवीनच खोड सुरू झाली. जेवायला बसवलं की एक घास घ्यायचे आणि उठायचे. उठून मागे सरायचे आणि उभे राहायचे. पुन्हा बसवलं की पुन्हा तेच. एकदा मागे सरताना पडले आणि कपाळ फुटलं. तेव्हा तिथल्यांनी विचारलं, जेवताना खुर्चीला पट्टा लावू का? रेमेच हो म्हणाली होती. पट्टा लावल्यापासून ते एक घास घेत, मग तोंड मिटून घेत, आणि पुढचा घास काही केल्या आत जात नसे. आता तर पहिलाही जात नव्हता.

वृद्धाश्रमाच्या दारात निएवेस त्यांना तयार करून उभी होती. निएवेस तिथली सेविका, रेमेपेक्षा पुष्कळ लहान, बोलायला फटकळ पण हाताला हलकी.

"बघ, नवरदेव तयार आहे," ती म्हणाली. "दाढीसुद्धा केलीय. आजोबा, लेकीकडे जायचं ना? खायचं हं सगळं. नाहीतर मी येईन आणि तुमच्या वाटचं संपवीन."

बाल्दोमेरो चाकांच्या खुर्चीत बसून समोर बघत होते. सदऱ्याची कॉलर आता त्यांच्या मानेभोवती दुसऱ्या कुणाची असल्यासारखी दिसत होती.

"सकाळी काही?" रेमेनं हळूच विचारलं.

"दोन घोट पाणी. सातपर्यंत आण हं, रेमे. मॅनेजरबाईंना मी काय सांगू नाहीतर?"

घरी आल्यावर रेमेनं त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. पलीकडे छोटं अंगण, वर ताणलेलं कापड, त्यावर तिनं सकाळीच पाणी मारलं होतं. तिथून जरा गारवा येत होता. मातीच्या सुरईत पाणी भरून तिनं ती कालपासून कोपऱ्यात ठेवली होती. तिनं पट्टा सोडला, कारण घरात पट्टा बघवेना.

काठवट टेबलावर ठेवली तर तिचा तळ डगमगत होता. म्हणून तिनं ती एका बुटक्या स्टुलावर ठेवली, स्वयंपाकघराच्या मधोमध. पाव भिजत घातला. टोमॅटो गरम पाण्यातून काढून सोलले. ते इतके पिकले होते की साल आपणहून सुटत होती. मग काठवटीत लसूण टाकून तिनं बत्ता हातात घेतला. पाकळी निसटली, कडेला आपटली, पुन्हा निसटली.

"मीठ," मागून आवाज आला.

रेमे वळली. आवाज इतका जुना आणि इतका ओळखीचा होता की तिला क्षणभर वाटलं, गल्लीतून कुणी बोललं.

"काय म्हणालात, बाबा?"

"मीठ आधी. मिठाशिवाय लसूण पळते."

तिनं मीठ टाकलं. लसूण धरली गेली, तिचा लगदा झाला, आणि वास उठला. ती कुटतच राहिली. थांबलं तर ते पुन्हा गप्प होतील अशी तिला भीती वाटली. तिनं मिरची कुटली, पाव पिळून घातला.

"आता तेल घालू?"

"धार धर. ओतू नको. मालकाचं आहे का तेल, ओतायला?"

"नाही बाबा, आपलंच आहे."

"मग तर मुळीच ओतू नको."

ती हसली, आणि हसता हसता तिला बाहीनं डोळे पुसावे लागले. बाल्दोमेरोंचं लक्ष काठवटीवर होतं. टोमॅटो पडले, चेचले गेले, रंग चढला. काकडीच्या बारीक फोडी पडल्या. व्हिनेगर, आणि सगळ्यात शेवटी सुरईतलं गार पाणी. तिनं चव घेतली. आईच्या गास्पाचोसारखं नव्हतं ते. जाडसर होतं, पावाचे कण जिभेला लागत होते, आणि तरी गार होतं, घशातून खाली जाताना कुठून चाललं ते कळावं इतकं गार.

तिनं वाटी काढली. मागे वळून बघते तो बाल्दोमेरो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहत होते. तिनं धावत जाऊन दंड धरला.

"चमचा कुठाय माझा?" ते कमरेशी चाचपत होते, जणू तिथं काही खोचलेलं असायला हवं होतं.

तिनं चमचा दिला. त्यांनी तो विजारीवर दोन्ही बाजूंनी पुसला. वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. ते काठवटीपाशी गेले, वाकले, चमचा भरला, खाली सांडू नये म्हणून दुसरा तळहात त्याच्याखाली धरला, आणि तोंडात घातला. गिळला.

मग ते एक पाऊल मागे सरले.

"बाबा, बसा! पडाल!" तिनं पायानं खुर्ची पुढं ओढली आणि त्यांना खाली दाबायला लागली. ही सवय तिला वृद्धाश्रमातच लागली होती.

"सोड," ते म्हणाले. "त्यांना घेऊ दे की."

"कुणाला?"

"सगळ्यांना." ते वैतागले. "तोंडात घास आहे आणि काठवटीशी उभा राहू? जनावरं राहतात तशी. एक चमचा घ्यायचा आणि एक पाऊल मागे. मग दुसऱ्यानं घ्यायचं. एवढंही शिकवलं नाही तुला कुणी?"

रेमेचे हात त्यांच्या खांद्यावरून गळून पडले. पुढं काठवट, भोवती कापणीची टोळी, प्रत्येकाच्या कमरेला खोचलेला आपापला चमचा. एक पुढं येतो, एक मागे सरतो. सगळ्यांना पुरेल एवढं असतंच असं नाही, म्हणून कुणीही तिथं उभं राहून खायचं नाही. हे सगळं तिच्या बापानं भुकेसोबत गिळून टाकलं होतं आणि तिला टेबलाशी बसवून पेल्यातून गास्पाचो पाजलं होतं. म्हणून तिला ठाऊक नव्हतं. मार्चपासून ते पळून जात नव्हते. ते जागा करून देत होते. आणि तिनं त्यांना बांधायला हो म्हटलं होतं.

"नाही शिकवलं, बाबा," ती म्हणाली. "आता शिकते."

तिनं चमचा घेतला, पुढं झाली, भरून घेतला, आणि मागे सरली. बाल्दोमेरोंनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग ते पुढं झाले.

त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिनं. मग त्यांनी. बाहेर उन्हात गल्ली ओस पडली होती. चमचा लाकडाला लागल्याचा आवाज तेवढा होत होता. ती मनात म्हणत होती, सोमवारी मी डॉक्टरांना सांगेन, एवढंच तर आहे, उभं राहू द्या, मागे सरू द्या, कुणीतरी सोबत खा. ती त्यांच्या दंडाखाली नुसता तळहात धरून होती, आणि ते सरळ उभे होते, ती लहान असताना बागेत उभे राहत तसे.

मग ते मागे सरले आणि तिथंच राहिले. तिनं आपला घास घेतला, मागे आली. ते पुढं झाले नाहीत.

"घ्या ना, बाबा. तुमची पाळी."

"कुर्रो यायचाय."

तिनं दाराकडे पाहिलं.

"पाय असा त्याचा. त्याला वेळ लागतो. त्याच्या आधी कुणी घेत नाही पुढच्या फेरीचं."

"मी घेते ना त्याच्या वाटचं."

"दुसऱ्याच्या वाटचं?" त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला लाज वाटली. "त्याच्या वाटचं तोच घेतो."

ते दाराकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. रेमेला दुसरं काही सुचलं नाही. ती अंगणात गेली, कापडाखाली क्षणभर उभी राहिली, आणि दारातून आत आली, एक पाय ओढत. लंगडत ती काठवटीपाशी आली, वाकली, चमचा भरून तोंडात घातला, आणि पाय ओढतच एक पाऊल मागे सरली.

बाल्दोमेरो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"तू कुर्रो नाहीस, पोरी," ते म्हणाले.

मग त्यांनी चमचा पुन्हा विजारीवर पुसला, दोन्ही बाजूंनी, कमरेशी खोचला, आणि वाट बघू लागले. पाय अगदी लटपटायला लागले तेव्हा तिनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं. चमचा तसाच खोचलेला राहिला. काठवटीत गास्पाचो अर्ध्याहून अधिक होतं. दुपारभर ते दाराकडे बघत बसले. ती मधून मधून विचारायची, "घेता का थोडं?" आणि ते मान हलवायचे, रागानं नाही, तिलाच धीर देत असल्यासारखे. येईलच तो आता.

संध्याकाळी परत गेल्यावर तिनं निएवेसला सगळं सांगितलं. जेवणघरात म्हातारी माणसं रांगेनं बसली होती आणि निएवेस दोन्ही हातांनी दोघांना भरवत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"अरे देवा," ती म्हणाली. "आणि आम्ही त्यांना पळपुटे आजोबा म्हणत होतो."

"पट्टा नको लावूस."

"पडले तर, रेमे? मी एकटी असते इथं. बघ की." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "उद्या मॅनेजरबाई नसतात. मी उभी राहते त्यांच्याबरोबर. माझं जेवण मी तिथंच घेते. चालेल?"

रविवारी निएवेस खरंच उभी राहिली. रेमे जिन्यांना सुट्टी म्हणून दुपारी गेली, तर तिनं बघितलं, निएवेस एप्रन घातलेली, हातात चमचा, एक पाऊल पुढं, एक पाऊल मागे, आणि रांगेतले म्हातारे हसताहेत. बाल्दोमेरोंनी दोन घास घेतले. मग कुर्रोसाठी थांबले.

"कोण हो हा कुर्रो?" निएवेसनं विचारलं. तिचं अन्न गार झालं होतं. "कुठं राहतो? मी घेऊन येते धरून."

"कब्रस्तानात," रेमे म्हणाली. निएवेसनं चमचा खाली ठेवला.

सोमवारी डॉक्टरांनी रेमेचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. मध्ये बोलले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या वडिलांचं बरोबर आहे हो. पण दोन घासांवर माणूस जगत नाही. आणि ज्याची ते वाट बघताहेत, त्याला मी कुठून आणू?"

रेमे आपले जिने आटोपून मंगळवारी गेली, तेव्हा नळी बसवलेली होती. खोलीत पडदा ओढलेला. वर टांगलेल्या पिशवीतून दुधट पातळ काहीतरी थेंबथेंब खाली उतरत होतं. त्याला वास नव्हता. बाल्दोमेरो डोळे मिटून पडले होते. नळी ओढू नये म्हणून हातांना मऊ कापडाचे मोजे बांधले होते. ज्या हातांत चमचा धरायचा, ते दोन पांढरे गोळे चादरीवर ठेवलेले होते.

"त्रास दिला नाही काही," निएवेस म्हणाली. "मुकाट घालून घेतली. फक्त पाय हलवतात सारखे. झोपेत होतं असं."

रेमेनं पायथ्याकडे पाहिलं. तिथं चादर गादीखाली घट्ट खोचली होती, इस्पितळात खोचतात तशी. तिच्याखाली उजवी टाच हलत होती. झोपेतला पाय झटकतो तशी नव्हे. ती सावकाश मागे सरायची, चादर ताणली जायची, टाच अडायची, आणि पुन्हा पुढं यायची. थोड्या वेळानं पुन्हा मागे. पुन्हा अडायची.

"निएवेस," ती म्हणाली, "जरा धर गं इकडून."

"काय करतेस?"

रेमेनं पायथ्याची चादर दोन्ही हातांनी ओढून गादीखालून बाहेर काढली आणि सैल सोडली. मग बाजूला उभी राहिली.

टाच मागे सरली. या वेळी अडली नाही. एक पाऊलभर मागे गेली, आणि तिथंच थांबून राहिली.